ओळंब्याबाहेरची भिंत

९ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकशील, मला ठाऊक आहे. टाक. पण आधी आतला छापील कागद तेवढा काढून घे. तो माझा नाही, सरकारी आहे. त्यावर तुझी सही हवी आहे आणि २८ फेब्रुवारीच्या आत हवी आहे. अकरा वर्षं माझ्याशी बोलला नाहीस, आणखी अकरा बोलू नकोस, माझं काही अडलेलं नाही. सही बाबांसाठी आहे.

आपलं घर पाडायच्या यादीत आलंय. बेटाच्या पश्चिमेला समुद्रात भिंत घालून नवा रस्ता करणार आहेत. त्या पट्ट्यातली जी जुनी घरं 'धोकादायक' ठरतील ती काढायची, आणि जी ठणठणीत असतील त्यांना रस्ता वळसा घालेल, असं त्यांच्याच नियमात लिहिलंय. आपण लहान असताना चुन्याची दीडशे घरं होती. आता एकतीस उरलीत. त्यातली दहा बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली, आपलं धरून.

हरकत घ्यायची तर मालकानेच घ्यावी लागते, आणि बाबांनी घर केव्हाच तुझ्या नावावर करून टाकलंय. मी लहानपणापासून त्या घरात राहते, त्यांचं सगळं बघते, पण कार्यालयाच्या लेखी मी कोणी नाही. असो. ते जुनं रडगाणं आज गात नाही.

फोनही केला होता. दोनदा वहिनींनी उचलला, आणि दोन्ही वेळा तू आंघोळीला गेला होतास. स्वच्छ राहतोस, चांगलं आहे.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. हात थरथरतात, डोळ्यांनी कमी दिसतं, जीभ मात्र पूर्वीसारखीच चालते. त्यांचं म्हणणं एवढंच की, "मला या घरातून नेणार असाल तर आडवा न्या, उभा मी जायचा नाही." त्यांना तिथे मरू दे, दादा. दुसरं काही मागत नाही.

घर यादीत आलं कसं, असं विचारशील. कुणास ठाऊक. कार्यालयातली माणसं, काहीही करतात.

तुझी बहीण


२१ जानेवारी

दादा,

लाँच आता आठवड्यातून तीनदाच येते. तिन्ही दिवस मी हवा खायला म्हणून धक्क्यावर जाते. टपालवाला हुशार आहे, लांबूनच मान हलवतो. म्हणजे मला उगाच चालत जायला नको.

काल मोजणीवाला आला होता. चाळिशीचा, गोलमटोल, लाँच लागल्यामुळे चेहरा उतरलेला. दारावर सतरा नंबरची पट्टी चिकटवली आणि निघाला. बाबा काठी टेकत त्याच्या मागे. "अहो साहेब, टेप कुठंय तुमची?"

"टेप लागत नाही, आजोबा. सगळं फाइलमध्ये आहे."

"फाइलमध्ये भिंत मावते होय? बघू तरी!"

तो हसला. बाबाही हसले. बाबांना अजून वाटतंय की हा काहीतरी कारकुनी घोळ आहे आणि कोणी शहाणा माणूस येऊन भिंतीवर नुसता हात ठेवेल तर लाजून परत जाईल.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून जुनी घरं काढते आहे, जलरंगात. एकसष्ट घरं झाली. त्यातली चाळीस आज जागेवर नाहीत. लोक येऊन सांगतात, "बाई, सोमवारी मशीन येणार आहे, रविवारी जमेल का?" मग मी स्टूल, फळी आणि पाण्याच्या दोन बरण्या घेऊन जाते. घरातली माणसं सामान बांधत असतात आणि मी अंगणात बसून त्यांच्या खिडक्या काढत असते. कागद ओला करायचा, आधी आभाळ, मग कौलं, मग सावल्या. चुन्याच्या भिंतीला मी रंग लावतच नाही, पांढरा म्हणजे नुसता सोडलेला कागद. बाबांना हे अजिबात पटत नाही. म्हणतात, "भिंत सोडून सगळं रंगवलंस आणि वर म्हणतेस भिंत काढली. आम्ही असं काम केलं असतं तर मालकाने हाकलून दिलं असतं."

पण माझ्या नजरेचा त्यांना अभिमान आहे. आल्यागेल्याला सांगतात, "पोरीची नजर माझ्यावर गेली, हात तेवढा आईवर."

गेल्या वर्षी शहरात प्रदर्शन भरलं होतं. 'जशी आहेत तशी' असं नाव दिलं होतं मी. तुला कार्ड पाठवलं होतं. तू आला नाहीस, पण रस्त्याच्या कार्यालयातले मोठे साहेब आले होते आणि पुस्तिकेच्या पाच प्रती घेऊन गेले. बरं, ते जाऊ दे.

फॉर्म मिळाला का, एवढं तरी कळव.

तुझी बहीण


३ फेब्रुवारी

दादा,

वाटलं होतं हे न लिहिता सुटेन. पण तू गप्प आहेस तो माझ्यावरच्या रागाने, आणि त्याची शिक्षा बाबांनी का भोगायची? म्हणून लिहिते.

आई गेली तेव्हा वाऱ्यामुळे लाँच सुटत नव्हती. तू पलीकडच्या धक्क्यावर दीड दिवस बसून होतास. हे मला तेव्हाही माहीत होतं. लाँचवाल्याने सांगितलं होतं. तरी तू दारात आलास तेव्हा सगळ्यांदेखत मी म्हणाले, "आलास? घर जागेवर आहे, बघून घे." तू अजून बॅगही खाली ठेवली नव्हतीस. तशीच घेऊन वळलास. त्यानंतर मी सगळ्यांना सांगत आले की माझा भाऊ फार मानी आहे. मानीबिनी काही नाही, माझी जीभ वाईट. चुकले मी. झालं, लिहिलं एकदाचं.

आता बाबांचं. इतके दिवस नोटीस मी डब्यात लपवून ठेवली होती. परवा त्यांना ती सापडली. भिंग घेऊन अख्खी दुपार वाचत बसले होते. मी आत गेले तर बोटाखाली एक ओळ धरलेली. "'पश्चिमेची भिंत बाहेरच्या अंगाला कललेली. तीन ठिकाणी उभे तडे.' कुठली भिंत गं?"

"आपलीच म्हणतात."

"आपली?" ते उठले, पश्चिमेच्या भिंतीशी गेले आणि तळव्याने तिला चाचपत राहिले, वरपासून खालपर्यंत, डॉक्टर पाठ तपासतात तसं. तडा सापडेना. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला दिसत नाही म्हणून तू सांगितलं नाहीस का?"

मी म्हटलं चहा ठेवते. आणि खरंच जाऊन चहा ठेवला.

तुझी बहीण


१० फेब्रुवारी

दादा,

घर यादीत कसं आलं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझ्या चित्रामुळे आलं.

नीट सांगते. धडधाकट, सरळ भिंत कागदावर उतरवली की शाळेच्या पुस्तकातल्यासारखी दिसते. तिच्यापुढे कोणी थांबत नाही. पहिल्या चार-पाच चित्रांतच माझ्या ध्यानात आलं की कड जराशी कलती धरली, ओल थोडी वाढवली, एका भेगेच्या तीन केल्या, की बघणाऱ्याचे डोळे भरून येतात. जलरंगाला ओल फार मानवते, आपली आपण पसरते, सुंदर दिसते. शहरातली माणसं पडक्या घरापुढे जास्त वेळ उभी राहतात. एक बाई तर माझा हात धरून रडली. दादा, जन्मभर मुलांच्या वह्यांवर 'रेघ सरळ काढ' असं लाल शाईने लिहिणारी मी, लोक माझ्यासमोर रडायला लागल्यावर हुरळून गेले.

बाकीच्या घरांत निदान एखादी तरी भेग होती. आपल्या घरात एकही नव्हती. बाबा दरवर्षी चुना द्यायचे, आता मी माणूस लावून देते. अर्धी दुपार मी अंगणात बसून भेग शोधली. शेवटी मनाने काढल्या. तीन. आणि पश्चिमेची भिंत बोटभर बाहेर ढकलली, कारण त्या बाजूचं आभाळ फार रिकामं वाटत होतं. तेच चित्र सगळ्यांत गाजलं. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तेच आहे.

कार्यालयातल्यांना बेटावर यायचा कंटाळा. त्यांनी पुस्तिकेतली पानं कापून फाइलींना लावली आणि ती समोर ठेवून अहवाल लिहिले. नोटीस घ्यायला, घरात राहणारी म्हणून, मला बोलावलं होतं तेव्हाच मी ते पाहिलं. कारकून चांगला होता, उठून खुर्ची दिली त्याने. म्हणाला, "हे तुमचंच ना, बाई? अगदी जसं आहे तसं, नाही का?" आजूबाजूचे तिघेजण कौतुकाने बघत होते.

मी म्हणाले, "हो."

नाही म्हटलं असतं तर ते एक चित्र खोटं ठरून थांबलं नसतं. एकसष्टच्या एकसष्ट खोटी ठरली असती. सहा वर्षांत दुसरं काही मी केलेलं नाही. म्हणून हो म्हणाले, आणि घरी येऊन तुला सही मागणारं पत्र लिहायला बसले, म्हणजे माझं तोंड न उघडता घर वाचावं. 'कुणास ठाऊक' हेही त्यात सहज लिहून टाकलं.

त्या चाळीस घरांतली किती माझ्या चित्रांमुळे गेली, ते मी मोजलेलं नाही. मोजणार नाही.

आता हवं ते बोल मला. पण सही कर. अठरा दिवस उरलेत.

तुझी बहीण


१९ फेब्रुवारी

दादा,

आज सकाळपर्यंत हे पत्र वेगळं होणार होतं.

काल बाबांनी माळ्यावरची त्यांची कॅनव्हासची पिशवी काढायला लावली. थापी, करणी, रंधा, सगळं गंजलेलं. त्यातून त्यांनी ओळंबा काढला, तोच, दोरीच्या टोकाला शिशाचं वजन. दोरी भिंतीच्या माथ्यावरून सोडायची, वजन शांत झालं की भिंत सरळ आहे की कलती ते लगेच कळतं. स्टुलावर चढायला निघाले होते, मी खाली बसवलं. बसल्या बसल्याच दोरी भिंतीला लावून धरली, पण हात एवढा थरथरत होता की वजन थांबेचना. दहा मिनिटं तसेच बसून होते. मग दोरी माझ्या हातात दिली. "तू धर. तुझी नजर चांगली आहे."

मी स्टुलावर चढले, धरली. वजन थांबलं. दादा, वरून खालपर्यंत केसाचाही फरक नव्हता. छपन्न वर्षं झाली त्या भिंतीला.

"सरळ आहे, बाबा. अगदी सरळ."

"मग नोटिशीला जोडलेल्या चित्रात कलती कशी?"

"चित्र आहे ते, बाबा. चित्रात थोडं इकडचं तिकडं होतं."

"तुझ्या हातून? रोज पोरांना रेघ सरळ काढायला लावणारीच्या?" मी म्हटलं, शेजारच्या सुताराला बोलावते, त्याच्याकडून बघून घ्या. तर एकदम उसळले. "खबरदार! माझ्या भिंतीला दुसऱ्या माणसाने ओळंबा लावायचा नाही. मी मेल्यावर लाव म्हणावं." दोरी गुंडाळून पिशवीत टाकली आणि भिंतीकडे पाठ करून बसले.

तेव्हा मी ठरवलं, आता पुरे. आज सकाळच्या लाँचने कार्यालयात गेले. घरून लिहूनच नेलं होतं. माझी चित्रं खरी नाहीत, तडे मनाने काढलेत, भिंत सरळ आहे, प्रत्यक्ष येऊन मोजा, खाली माझी सही. त्याच कारकुनाने वाचलं. दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाला, "बाई, आता कशाला त्रास करून घेता? मालकाची संमती आली की."

फाइल फिरवून माझ्यापुढे केली. तुझी सही. ते लांबलचक शेपूट असलेली, दहावीच्या वहीपासून करतोस तीच. तारीख पंधरा जानेवारी.

हे काय केलंस दादा? माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचास! बाबांनी काय घोडं मारलं होतं तुझं? हरकत नाही घेतलीस, समजू शकते. पण उलट संमती? स्वतःहून?

लाँच यायला अजून तासभर आहे. धक्क्याच्या बाकावर बसून लिहितेय. हे पत्र मी इथूनच टाकणार, घरी नेलं तर फाडीन.


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. बारीक झालंय.

परवा फोनवर तू बोलत होतास आणि मी नुसती हं हं करत होते. म्हणून लिहिते. तुझ्या पत्रातल्या त्या ओळी मी आता पाठच केल्या आहेत. 'तुझी पत्रं मी उघडली नाहीत, ती टेबलावर पडली होती. आधी कार्यालयाचं पाकीट उघडलं. आत नोटीस, संमतीचा कागद आणि तू काढलेलं आपल्या घराचं रंगीत चित्र होतं. ती भिंत पाहून मला जेवण गेलं नाही. त्या भिंतीखाली बाबांची कॉट आहे. मी लगेच सही केली.'

बाबा चेंगरून मरू नयेत म्हणून सही केलीस. आणि मी तुला शहरातल्या धक्क्याच्या बाकावरून काय काय लिहिलं! फाड ते पत्र.

अकरा वर्षांत तू घर पाहिलं नाहीस. पाहिलंस ते माझं चित्र. तू माझा भाऊ, माझा स्वभाव तुला नखशिखांत ठाऊक, तरी चित्रावर तू विश्वास ठेवलास. मग कार्यालयाला काय नावं ठेवू?

तू संमती मागे घ्यायला जाऊन आलास हे कळलं. हुकूम निघाला, आता बदलत नाही, असंच ना? मलाही तेच सांगितलं. माझं निवेदन फाइलला लावलंय म्हणे, चित्राच्या मागे. आपल्या हरकतीचा प्रश्नच उरला नाही. बाकीच्या नऊ घरांच्या मालकांनी हरकती घेतल्या आहेत, त्यांची सुनावणी एप्रिलमध्ये आहे. बाबांच्या हातची ती नऊ तरी राहतील, असं सगळे म्हणतात. त्यातल्या कुठल्याच घराचं चित्र मी अजून काढलेलं नाही. काढणारही नाही.

वहिनींना सांग, आता तू आंघोळीला गेला असलास तरी चालेल, मी थांबेन.

तुझी बहीण


१८ मार्च

दादा,

घर पडलं. बारा आणि तेरा तारखेला. दोन दिवस लागले.

बाबा त्याआधीच उभे बाहेर पडले, माझा हात धरून. आम्हाला शाळेमागच्या नव्या इमारतीत दोन खोल्या दिल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर. तू म्हणतोस त्यांना तुझ्याकडे पाठव, मी विचारलं. म्हणाले, "नको. बेट सोडून कुठं तोंड लपवू?" मला वाटलं उगाच बोलतात.

पाडायच्या वेळी मी गेले होते. ते नको म्हणाले तरी गेले. मशीनवाला जाड मिशांचा, अनुभवी माणूस. त्याने तासाभराचं काम म्हणून पश्चिमेच्या भिंतीपासून सुरुवात केली. अकरा वाजेपर्यंत तिचा फक्त गिलावा उडाला. दुपारी मशीनचा एक दात तुटला. तो खाली उतरला, कागद काढून पुन्हा वाचला, आणि मला म्हणाला, "ताई, चुकून दुसऱ्याच घरावर आलो नाही ना मी? हे कुणी धोकादायक म्हटलं?"

मी सांगितलं, मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंत पडली. तीसुद्धा सबंध, एका तुकड्यात आडवी झाली. मी मनात म्हटलं, निदान हे तरी बाबांना सांगता येईल. घरी येऊन त्यांच्या पुढ्यात बसले आणि सगळं सांगून टाकलं. भेगा मनाच्या, कल मनाचा, कार्यालयातला माझा 'हो', मशीनचा दात, दोन दिवस. काही म्हणजे काही लपवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर मोठ्याने रडले.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुरे. बापासाठी किती खोटं बोलशील?"

"खोटं नाही बाबा! आईची शपथ!"

"तू बोलताना खोटं बोलतेस, लहानपणापासून. पण चित्र काढताना तू खोटं काढणार नाहीस. जे दिसलं ते काढलंस. मला दिसत नव्हतं, तुला दिसलं. भिंत माझीच चुकली."

दुसऱ्या दिवशी मी त्या मशीनवाल्याला घेऊन आले. त्याने बिचाऱ्याने तुटलेला दातसुद्धा आणला होता दाखवायला. बाबांनी तो हातात घेऊन बघितला, त्याला पाणी विचारलं, तो गेल्यावर मला म्हणाले, "चांगला माणूस आहे. पढवलंस छान त्याला."

ओळंबा लावून दाखवायला आता भिंत नाही, दादा. काय दाखवू त्यांना?

तू येतोस का? तुझं ऐकतील कदाचित. लाँच सोमवार, बुधवार आणि शनिवार.


२ एप्रिल

दादा,

तू येऊन गेलास, बरं वाटलं. तुझंही त्यांनी ऐकलं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. धक्क्यावर तू विचारलंस, "बाबा दिवसभर करतात काय?" तेव्हा मी म्हटलं होतं, बसून असतात. तेव्हा ते खरं होतं.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली आणि म्हणाले, "चल, जाऊन यायचंय." मला वाटलं समुद्रावर. ते थेट होडीवाल्याच्या घरी गेले. त्यांनी बांधलेल्या नऊ घरांतलं ते पहिलं. पायरीवर काठी टेकवून उभे राहिले, आत या म्हटलं तरी आत गेले नाहीत. होडीवाला आणि त्याची बायको बाहेर आली. बाबा म्हणाले, "हे घर मी बांधलंय. त्याच हातांनी, त्याच वर्षी माझंही बांधलं होतं, त्याची भिंत चुकली. तुमचीही चुकली असणार. पोरंबाळं आत झोपतात तुमची. भरवसा धरू नका. हरकत घेतली असेल तर मागे घ्या. मला माफ करा."

होडीवाल्याची बायको रडायलाच लागली. "काका, असं काय बोलता!" मी मध्ये पडले. म्हटलं, यांचं काही चुकलेलं नाही, भिंत सरळ होती, मी चित्रात खोटी काढली, दोष माझा आहे. जितक्या जोरात म्हणता येईल तितक्या जोरात म्हणाले. होडीवाल्याने मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर थोपटलं. "कळतंय बाई आम्हाला. बापाला सांभाळून घेताय. असंच करावं लेकीने."

दुसऱ्या दिवशी त्याने हरकत मागे घेतली. ज्या माणसाने भिंत बांधली तोच सांगतोय म्हटल्यावर कोण राहील आत? आज पाच घरं झाली. पाचांपैकी चौघांनी कागद दिले. पाचवी शिंपीण आहे, तिने विचार करते म्हटलंय, पण संध्याकाळी तिच्या अंगणात सामान दिसलं. जाताना तिने मला हाक मारली. "बाई, पाडायच्या आधी एकदा काढून द्याल ना घर? तुमच्यासारखं कोणी काढत नाही."

मी बाबांना जाऊ नका म्हटलं, दार लावून घेतलं, काठी लपवली. तर ते काठीवाचून निघाले. जिन्यात तोल गेला, कठडा सापडला म्हणून वाचले. तेव्हापासून मी काठी देते आणि हातही धरते. तीन मजले उतरायचे, तिथून घर गाठायचं, पायरीशी उभं राहायचं, मग परत. वाटेत दोनदा बसतात. घरी आले की गाढ झोपतात. इतकी शांत झोप त्यांना महिनाभरात लागली नव्हती.

उद्या बेकरीवाल्याचं घर आहे. सकाळी लवकर उठव म्हणालेत, आणि पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवायला सांगितलाय. माफी मागायला जाताना माणसाने नीट कपडे घालून जावं, असं त्यांचं म्हणणं आहे. शर्ट मी इस्त्री केलाय. खुर्चीच्या पाठीवर ठेवलाय.

तुझी बहीण